रात्री गाडी कुठे उभी राहणार?

पत्र: नमस्कार ताई, मी फोंड्याचा. मार्चअखेर बँकेतून निवृत्त झालो. पाच महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका गृहस्थांकडून टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आत दोघांची झोपायची सोय, ओटा, सिंक, पाण्याची टाकी, लहानसं शौचालय, हे सगळं त्यांनीच करून घेतलेलं होतं. या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतचा तक्ता मी कॉम्प्युटरवर केला आहे, सोबत जोडतो. नोव्हेंबरात राजस्थान, जानेवारीत कन्याकुमारी, मेमध्ये उटी, जूनमध्ये लडाख, आणि मधल्या प्रत्येक महिन्यात एक लहान फेरी. सौ. शाळेत शिकवते, तिची दीड वर्षाची नोकरी बाकी आहे. तक्ता दाखवला की ती 'बघूया' एवढंच म्हणते. घरी आई आहे, ब्याऐंशी वर्षांची, पण हिंडती-फिरती. छपरावर एसी बसवावा का, हाही प्रश्न आहे. वर्ष कसं आखू? आणि हिला कसं पटवू?

उत्तर: नमस्कार. तक्ता नीट वाचला. तारीख, ठिकाण, किलोमीटर, डिझेल, काय बघायचं, सगळे रकाने आहेत. एकच राहिला: रात्री गाडी कुठे उभी करणार? वर्ष आखायचं तर तिथून सुरुवात करा. तो रकाना भरला की बाकीचे आपोआप भरत जातात, आणि तो भरत नसेल तर ती सहल तक्त्यातून काढून टाका.

घरच सोबत आहे म्हटल्यावर वाटतं, वाट्टेल तिथे थांबू. परदेशातल्या चित्रफितींमुळे हा समज फार पसरलाय. तिकडे विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि शौचालयाची टाकी रिकामी करायची जागा असलेले तळ ठिकठिकाणी असतात. आपल्याकडे महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाची धोरणं आणली, केरळात वागमोनला एक कॅरावॅन पार्कही झालं. पण फोंड्याहून बेळगावमार्गे बदामीला निघालात तर वाटेत असला तळ मिळेल या भरवशावर राहू नका. इथे प्रत्येक रात्र कुणाला तरी विचारून मिळवावी लागते.

विचारलं तर मिळते, हे मात्र खरं. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळा तुम्हाला ठाऊकच आहेत, तशीच भक्तनिवासं महाराष्ट्रात आणि कर्नाटकात आहेत. सरकारी पर्यटन निवासांची आवारं मोठी असतात. कोकणातल्या घरगुती निवासांच्या अंगणात तर बस मावेल एवढी जागा असते. दोन दिवस आधी फोन करायचा आणि सरळ सांगायचं: 'आम्ही दोघं, झोपणार गाडीतच, सकाळी एक न्हाणीघर लागेल, रात्रीचं जेवण तुमच्याकडेच जेवू, जागेचे काय ते पैसे सांगा.' जेवणाचं वाक्य विसरू नका, त्यावरच बहुतेक ठिकाणी होकार मिळतो. लगेच पुढचे दोन प्रश्नही विचारून घ्या. फाटकाची रुंदी किती, आणि आत शिरताना वर विजेची तार किंवा फणसाची फांदी आहे का? तुमच्या गाडीची उंची छपरावरच्या सगळ्या सामानासकट टेपने मोजा आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवा. रेल्वेच्या पुलाखालच्या लोखंडी कमानीपुढे पोचल्यावर तो आकडा आठवत बसायला वेळ नसतो, मागे तोवर रांग लागलेली असते.

महामार्गावरचा मोठा, दिवेलागणीनंतरही वर्दळ असलेला पेट्रोलपंप मधल्या एखाद्या रात्रीला चालतो, मॅनेजरला विचारून. जंगलाच्या कडेला, घाटातल्या वळणावरच्या मोकळ्या जागेत किंवा किनाऱ्यावर नाही. आणि कुठेही असो, पाचच्या आत पोचा. अंधारात जागा शोधणं हे या प्रकारातलं सगळ्यात वाईट काम, नवराबायकोची भांडणं बहुतेक त्याच वेळी होतात.

किनाऱ्यावरून एक गोष्ट बोलायलाच हवी. बाहेरच्या बसगाड्या मोरजी-हरमलच्या वाटेवर थांबतात, रस्त्याकडेला सिलिंडर मांडून भात शिजवतात, खरकटं तिथेच ओततात, म्हणून आपण गोंयकार किती वर्षं चडफडतोय. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं, दारू पिणं, घाण करणं याला आपल्याकडे २००१ च्या कायद्याने बंदी आहे. २०१९ मध्ये एकट्याला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड ठरला, पुढे तो आणखी वाढवला. आता देवबागात किंवा गोकर्णात ती बाहेरची गाडी तुमची असणार. तुमच्या सिंकचं पाणी कुठे जातं ते एकदा गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच घरगुती बांधणीत नळी थेट रस्त्यावर सोडलेली असते. तशी असेल तर खाली वीसेक लिटरची टाकी बसवून घ्या. शौचालयाची पेटी घरी किंवा मुक्कामाच्या शौचालयातच रिकामी करायची, खाडीत किंवा कुणाच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत नाही.

आता वहिनींचं 'बघूया'. त्यांना पटवायचं कसं असं विचारलंत, पण आधी तक्ता त्यांच्या बाजूने वाचा. जानेवारीत शाळा चालू. जूनमध्ये शाळा चालू. मधल्या महिन्यांतल्या लहान फेऱ्याही बहुतेक आठवड्याच्या मधल्या वारी टाकल्यात, गर्दी नको म्हणून. थोडक्यात, तुमच्या तक्त्यातल्या बऱ्याचशा सहलींत त्या नाहीतच, आणि तुम्ही त्यांची संमती मागताय. मी त्यांच्या जागी असते तर 'बघूया'पेक्षा जास्त बोलले असते.

दुसरं म्हणजे तो ओटा. तुम्हाला तो दाखवताना आनंद होत असेल. ज्या बाईने पस्तीस वर्षं शाळेला जाण्याआधी डबे भरले, तिला त्या ओट्यात काय दिसत असेल? तोच स्वयंपाक, फक्त वाकून करायचा आणि भांडी अर्ध्या बादलीत घासायची. म्हणून माझी सूचना अशी की पहिल्या मोठ्या सहलीत ओट्यावर फक्त चहा. तोही तुम्ही करायचा. जेवण बाहेर. चुलीचं पुढे ठरवायचं ते त्यांनी ठरवावं, आणि तुम्हाला हुमण, म्हणजे आपली माशांची आमटी, येत नसेल तर हे वर्ष शिकायला चांगलं आहे. शिवाय दर तिसरी रात्र खोलीत काढायची, पंख्याखाली, लांब पाय पसरून, भरपूर गरम पाण्याने न्हाऊन. ही हार समजू नका. अंग आणि कपडे दोन्ही त्या रात्री ताळ्यावर येतात.

तर वर्ष असं मांडता येईल. वहिनींच्या सुट्ट्या आधी तक्त्यात भरा: दिवाळी, नाताळ, मे आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. त्यातल्या दोनच सहलींसाठी वापरायच्या.

दिवाळीच्या आधी एक रात्र स्वतःच्या अंगणात गाडीत झोपा. हसू नका. पंप रात्री किती आवाज करतो, दिव्याचं बटण अंधारात सापडतं का, पहाटे छपरातून दव ठिबकतं का, हे तिथे कळलेलं बरं, काही अडलं तर घर दहा पावलांवर आहे. मग एक रात्र वेंगुर्ल्याकडे. आणि दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानऐवजी बदामी. उदयपूरच हजारावर किलोमीटर पडतं, आणि आपल्या रस्त्यांवर असल्या गाडीने दिवसाला दोनशे किलोमीटर म्हणजे पुष्कळ झाले. सुट्टीतले दहा-बारा दिवस नुसते जाण्या-येण्यातच जातील.

बदामी तुम्हाला सगळ्या बाजूंनी सोयीची आहे. चोर्ला घाटाने चढून बेळगावला जेवायला थांबलात की पुढे सपाट रस्ता. नोव्हेंबरात हवा कोरडी, रात्री गार, पंखासुद्धा लागत नाही. सरकारी पर्यटन निवास गावातच आहे, एक खोली आणि आवारात गाडी, असं आधी बोलून ठेवा. लेणी सकाळी लवकर बघा, ऊन चढायच्या आत. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा चालुक्यांचा शिलालेख आहे, त्याच्यासमोर बसायला निवांत वेळ हवा. पट्टदकल आणि ऐहोळे जवळच, गाडी तिथेच ठेवून रिक्षाने जाऊन या. खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी. वहिनींचे हात पिठात जाणार नाहीत. एक मात्र सांभाळा, बदामीची माकडं. खिडकीची काच चार बोटं उघडी राहिली तरी आतली केळी गेलीच म्हणून समजा. पाच रात्री पुरे. हंपीचा मोह होईल, पण दिवाळीत तिथे मुंगीला जागा नसते. हंपी जानेवारीत, मित्राला घेऊन जा.

नाताळ ते नववर्ष गाडी दारात. सगळा देश त्या दिवसांत आपल्याकडे उतरतो आणि हद्दीवरच्या पत्रादेवीपासून रस्ता तुंबतो.

जानेवारी-फेब्रुवारीत आठवड्याच्या मधल्या दिवसांत कोकण किनारा: मालवण, देवगड, विजयदुर्ग, जमलं तर जयगडपुढे. तवसाळ आणि धोपावे-दाभोळच्या फेरीबोटी गाड्या घेतात, पण ओहोटीच्या वेळी धक्क्यावरून बोटीत उतरायचा उतार जास्त तीव्र असतो आणि ट्रॅव्हलरचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर असतो. तो घासतो. भरतीची वेळ विचारून जा, किंवा आधी उतरून एकदा नजरेने मापून घ्या. मालवणकडे जाताना आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तपासा. ती तिथीवर ठरलेली नसते, देवीच्या कौलाने ठरते, म्हणून पंचांगात मिळणार नाही. त्या दोन दिवसांत तिकडचा रस्ता फक्त भाविकांचा.

आणखी एक, बांदा-इन्सुलीच्या तपासणी नाक्यावरचं. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे. इतकी कपाटं असलेली गाडी दिसली की तपासणाऱ्याला सगळीच उघडून बघावीशी वाटणार. मित्राने 'एकच बाटली' म्हणून गादीखाली सरकवली असेल तरी जबाब तुम्हालाच द्यावा लागेल.

मे महिन्यात उटी नको. निलगिरीत शिरायला २०२४ पासून ई-पास लागतो, बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, आणि हे सगळं पार करून वर पोचलात की मेमधल्या गर्दीत गाडी लावायला जागा नाही. त्यापेक्षा शिरसी, आगुंबे, शृंगेरी. डोंगर आहे, सावली आहे, शृंगेरीला मठाची राहण्याची सोय आहे. वळीव सुरू व्हायच्या आत, मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन या.

इथेच एसीचा प्रश्न येतो. छपरावरचा एसी साधारण एक किलोवॅट वीज खातो. रात्रभरात आठ युनिटं. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-अवर्सची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात सव्वा युनिटाच्या आत वीज मावते, आणि साधी लेड-अॅसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर बॅटरीचं आयुष्य संपतं. म्हणजे एसीसाठी एक तर बॅटरींचं गोदाम पाठीवर घ्या, नाहीतर रोज रात्री कुणाची तरी वीज घ्या. ते पैसे वाचवा. मेमध्ये किनाऱ्यावर गाडीत झोपायचंच नाही. हजार मीटर चढलात की साधारण सहा अंशांनी गारवा येतो, तो फुकट आहे. दोन चांगले बारा व्होल्टचे पंखे आणि खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी, एवढ्यावर भागतं.

गॅसबद्दल थोडक्यात, पण हे गांभीर्याने घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत बाहेर उघडणारी जाळी हवी. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. आणि थंडीसाठी शेगडी पेटती ठेवून दारं-खिडक्या लावून झोपायचं नाही, कधीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जूनपासून चवथीपर्यंत गाडी विश्रांतीला. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि घाटांचा भरवसा संपतो. २०२५ च्या जुलैत अनमोड घाटात रस्ता खचला आणि अवजड वाहनं बंद करावी लागली, ते तुमच्याच वाटेवर. या काळात गाडीच्या तब्येतीकडे बघा. छपरावरच्या प्रत्येक स्क्रूभोवतीचं सीलंट मेमध्येच नवं करा. गाद्या काढून घरात आणा, नाहीतर ऑगस्टपर्यंत बुरशीचा वास त्यांत मुरतो आणि जात नाही. दर पंधरवड्याला बॅटरी चार्ज करा, इंजिन फिरवा, आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना ते बघा. चवथीला घरीच. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची सोडून कुठे जाणार, आणि चाकरमान्यांनी भरलेल्या महामार्गावर शिरायचं तरी कशाला! चवथ झाली की एखाद्या मधल्या वारी कास पठार. फुलं तेव्हा ऐन बहरात असतात, नोंदणी मात्र आधी ऑनलाइन करावी लागते.

बाकीचे महिने तक्त्यात कोरे ठेवा. कुणाचं लग्न निघेल, वहिनींच्या शाळेची तपासणी येईल, गिअरबॉक्स रुसेल.

कागदपत्रांबद्दल तुम्ही अक्षरही लिहिलेलं नाही, म्हणून मला थोडी काळजी वाटते. गाडी पुण्याची. मालकी तुमच्या नावावर करायचा अर्ज खरेदीपासून ३० दिवसांत आरटीओकडे द्यायचा असतो, विमा नावावर करायला विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं, आणि दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. पाच महिने उलटलेत. यातलं काही राहिलं असेल तर दिवाळीची सहल त्यानंतर.

त्याहून महत्त्वाचं, आरसी काढून गाडीचा वर्ग काय लिहिलाय ते वाचा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. मोटर कॅरावॅन हा वेगळा प्रकार आहे आणि त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आरसीवर अजून प्रवासी गाडीच असेल आणि आत पलंग-ओटा असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. आधीच्या मालकांकडे बदलाच्या मंजुरीचे कागद मागा. नसतील तर आरटीओत जाऊन तोंडी विचारण्यावर थांबू नका, लेखी अर्ज करा. तुमचं स्वतःचं लायसन्सही काढून बघा. साठीच्या आसपास अनेकांची मुदत नकळत संपलेली असते.

आईंसाठी एवढंच: त्या हिंडत्या-फिरत्या आहेत म्हणून रात्री सोबतीला कुणी लागणार नाही असं धरू नका, आणि शेजाऱ्यांवर सोडूनही जाऊ नका. बहीण-भाऊ असतील तर त्यांना आता, दिवाळीआधीच, दोन तारखा द्या आणि त्यांचा होकार आला की मगच मुक्कामाचे फोन करा. आईंना विचारलंत का, त्यांना गाडीतून एक दिवस मंगेशीला किंवा कवळ्याला यायला आवडेल का? पायरी उंच आहे, एक मजबूत लाकडी पाट बनवून घ्या.

राहिला लडाख. मनालीकडचा रस्ता उघडा असतो तो साधारण जून ते सप्टेंबर. तेव्हा वहिनींची शाळा, इथे पाऊस, आणि शेवटी चवथ. फोंड्याहून लेह जवळजवळ तीन हजार किलोमीटर, तेवढंच परत. लेह साडेतीन हजार मीटरवर, पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं, आणि वाटेतल्या खिंडी त्याहून उंच. साठीत तिथे जाण्याआधी दोघांनी डॉक्टरांना दाखवायला हवं. ही सहल वहिनी निवृत्त झाल्यानंतरच्या जूनची. तोवर घाटात उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता खालच्या गिअरवर गाडी आणायचा सराव होईल, आणि रात्रीचा रकाना कसा भरतात तेही कळेल. मनाली ते लेह या पट्ट्यातले मुक्काम मात्र वहिनींना ठरवू द्या.